कथेची रचना आणि स्फूर्ती: दोन्हींचा मेळ कसा बसतो?

कथा लिहू पाहणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये किंवा वहीत अर्धवट राहिलेल्या कथा असतात. त्या दोन कारणांनी अडलेल्या दिसतात. काही जण सुचेल तसे लिहीत सुटतात आणि चार-पाच पानांनंतर पुढे काय, हे न कळल्याने थांबतात. काही जण आधी पूर्ण आराखडा करतात, पण लिहायला बसल्यावर त्यांना त्या कथेत जीवच वाटत नाही.

पहिल्या अडचणीला रचनेचा अभाव म्हणतात, दुसरीला स्फूर्तीचा. ‘कथेला ठरावीक साचा हवा’ आणि ‘साच्याने कला मरते’ असा वाद त्यावर वारंवार झडतो. मराठी कथेच्या इतिहासात हा वाद एकदा मोठ्या प्रमाणावर झाला आहे आणि त्यातून हाती लागलेले उत्तर आजच्या लेखकालाही उपयोगी पडणारे आहे.

रचना आणि स्फूर्ती म्हणजे नेमके काय?

स्फूर्ती म्हणजे कथेचा पहिला ठसा. एखादा चेहरा, कानावर पडलेले वाक्य, न विसरता येणारा प्रसंग. तो लेखकाकडे आपोआप येतो, मागून मिळत नाही.

रचना म्हणजे त्या ठशाला दिलेला क्रम. कथा कुठून सुरू करायची, कोणाच्या नजरेतून सांगायची, कोणती गोष्ट आधी सांगायची, कोणती राखून ठेवायची आणि कुठे थांबायचे, हे सगळे निर्णय रचनेत येतात. कथानक म्हणजे काय घडले. रचना म्हणजे जे घडले ते कसे मांडले.

भारतीय परंपरेत रचनेचा विचार जुना आहे. नाट्यशास्त्रात नाटकाच्या कथेचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने आरंभ, मध्य आणि शेवट असलेली पूर्ण कृती मागितली. आज पटकथेच्या कार्यशाळांत शिकवली जाणारी ‘तीन अंकी’ पद्धत याच वळणाची आहे.

राजशेखराचा उपाय: दोन कामांना दोन वेळा

इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाचे विदर्भाशी एक गोड नाते आहे. त्यातल्या रूपककथेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू देशोदेशी फिरतात आणि त्यांचा विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

याच ग्रंथात कवीची दिनचर्या दिली आहे. दिवसाचे चार प्रहर पाडून एकात अभ्यास, दुसऱ्यात काव्यरचना, तिसऱ्यात काव्यचर्चा आणि चौथ्यात सकाळी लिहिलेल्याची परीक्षा, असा तो क्रम आहे. चौथ्या प्रहराचे कारणही राजशेखर सांगतो: रसाच्या भरात लिहिणाऱ्याला त्या क्षणी दोष दिसत नाहीत, म्हणून त्याने नंतर तपासावे.

हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या भाषेत सोपे आहे. लिहिणारे मन आणि तपासणारे मन एकाच वेळी काम करू लागले, की दोघेही अडतात. स्फूर्ती आणि रचना यांचे भांडण बरेचदा त्यांच्या स्वभावामुळे नसते, त्यांना एकाच तासाला बोलावल्यामुळे असते.

फडके आणि ‘तंत्रा’चा काळ

मराठीत कथालेखनाच्या तंत्राचा सर्वांत मोठा पुरस्कार ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी केला. ते तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात त्यांनी ललितलेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. वेधक सुरुवात, वाढत जाणारी गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि उकल हा त्या काळच्या तंत्रशुद्ध कथेचा ओळखीचा आलेख होता.

याचा फायदा मोठा होता. लेखन ही केवळ दैवी देणगी नसून शिकता येणारी कला आहे, हा विश्वास नव्या लेखकांना मिळाला. कथा पाल्हाळ सोडून आटोपशीर झाली.

तोटा नंतर दिसला. साचा सोपा होता, म्हणून त्याची नक्कल झाली. पात्रे कथानकाच्या सोयीने वागू लागली, शेवटची कलाटणी अपेक्षित होऊ लागली. अनुभव कोणताही असो, त्याला एकाच मापाचा सदरा शिवला जाऊ लागला.

वर्ध्याशी नाते असलेले चोरघडे

या सदऱ्यात न बसणाऱ्या कथा तेव्हाही लिहिल्या जात होत्या. दिवाकर कृष्ण यांनी १९२०च्या दशकातच घटनांपेक्षा मनातल्या हालचालींना महत्त्व दिले होते. विदर्भात ती वाट वामन चोरघडे यांनी पुढे नेली.

चोरघडे यांचा जन्म १९१४ साली नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड येथे झाला. वर्धा आणि नागपूर येथे त्यांनी अध्यापन केले. गांधीविचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. ‘सुषमा’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९३६ साली, म्हणजे तंत्रनिष्ठ कथेच्या भरात, प्रसिद्ध झाला. १९७९ साली चंद्रपूर येथे झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

त्यांच्या अनेक कथांत फारसे काही ‘घडत’ नाही. एखादी भावना, एखादा साधा माणूस, नात्यातला एखादा क्षण हाच कथेचा गाभा असतो. कलाटणी शोधणाऱ्याला तिथे रचना दिसणार नाही. पण लघुकथेचा आटोपशीरपणा त्यांनी सोडला नाही. एक भाव धरायचा, त्याला लागेल तेवढेच सांगायचे आणि तो पोहोचला की थांबायचे, हीसुद्धा रचनाच आहे.

नवकथेने रचना मोडली का?

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी जुना आलेख मागे टाकला. ही ‘नवकथा’. तिने कथेतून रचनाच काढून टाकली, असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात तिने तयार साचा नाकारला आणि प्रत्येक अनुभवाला त्याची स्वतःची रचना शोधून दिली.

दोन प्रसिद्ध कादंबऱ्यांवरून हे नीट कळते.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वरवर पाहता माणसांची आणि प्रसंगांची मालिका वाटते. पण एक तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीत येतो तिथे ती सुरू होते आणि दुष्काळात वस्ती उठते तिथे संपते. येणे आणि जाणे या दोन टोकांमुळे मधल्या सगळ्या प्रसंगांना आपोआप ताण मिळतो.

पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२) पत्रांतून उलगडते आणि वाचकाला फक्त सावित्रीचीच पत्रे दिसतात. समोरची उत्तरे दिसत नाहीत. ती मोकळी जागा वाचक स्वतः भरतो. ही युक्ती वरून चिकटवलेली नाही. वाट पाहणाऱ्या, स्वतःला शोधणाऱ्या मनाची गोष्ट सांगायला तीच योग्य होती. हेच रेगे १९६९ साली वर्धा येथे झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आंजीतले एक काल्पनिक उदाहरण

हे सगळे लिहिताना कसे घडते? समजा, वर्धा–आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावातल्या एका नव्या लेखकाला एक चित्र सुचले. कापसाचा हंगाम आहे. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर वजनकाटा लागला आहे. वेचणी करणारी एक बाई मजुरीचे पैसे न घेताच निघून जाते आहे.

एवढीच स्फूर्ती. बाई का गेली, हे लेखकालाही माहीत नाही.

तयार साचा लगेच उत्तर देतो: दुष्ट शेतमालक, गरीब बाई, शेवटी कलाटणी. कथा पूर्ण होईल, पण ती आधी शंभरदा वाचलेली असेल.

त्याऐवजी लेखक पहिला खर्डा मोकळेपणाने लिहितो. लिहिता लिहिता बाईसोबत तिची बारा वर्षांची मुलगी येते. ती रोजचे वजन मनात ठेवते: २२, १९, २४ आणि २१ किलो. बेरीज ८६. वहीत मात्र ८३ लिहिले आहे. वही लिहिणारी मालकाची सून सांगते, सकाळी वेचलेला कापूस दवाने ओला होता, म्हणून तीन किलो कापले. मुलगी तोंड उघडणार, एवढ्यात आई तिचा हात धरते आणि दोघी पैसे न घेताच निघतात.

आता कथा बदलली. सुरुवातीला ती बाईवरच्या अन्यायाची होती. आता ती हिशेब येणाऱ्या मुलीची आणि तिला गप्प करणाऱ्या आईची आहे. आईला पुढच्या हंगामातही याच शेतात काम हवे आहे. पण मुलीसमोर कमी पैसे मुकाट मोजून घेणेही तिला जमत नाही.

इथे रचनेचे काम सुरू होते. गोष्ट मुलीच्या नजरेतून सांगितली, तर वाचक तिच्यासोबत आकडे मोजेल आणि ८३ ऐकताच दचकेल. सुनेच्या नजरेतून सांगितली, तर चूक समजूनही वही मिटणाऱ्या माणसाची गोष्ट होईल. आईच्या नजरेतून सांगितली, तर हात धरण्याचा क्षण हाच शिखर ठरेल. मूळ प्रसंग तोच, कथा तीन.

लेखकाने आधीच ‘अन्याय, संघर्ष, विजय’ असा आराखडा पक्का केला असता, तर ती मुलगी आलीच नसती. आणि मुलगी आल्यावर रचनेचा विचारच केला नसता, तर ती चार आकडे सांगून गर्दीत हरवली असती.

क्रमशः लिहिणाऱ्यांची वेगळी अडचण

समाजमाध्यमांवर आणि कथांच्या ॲपवर भागांमध्ये कथा लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो. पहिला भाग प्रसिद्ध झाला, की तो बदलणे अवघड. राजशेखराचा चौथा प्रहर त्यांना मिळतच नाही.

ही अडचणही नवी नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः दिली. यमूने स्वतःच्या तोंडून स्वतःचे आयुष्य सांगायचे, हा एक निर्णय पक्का असल्याने इतके भाग होऊनही कादंबरी एकसंध राहिली. दुसऱ्या बाजूला, त्यांच्या कादंबऱ्यांवर पाल्हाळाचा आक्षेप घेतला गेला आणि ‘सूर्यग्रहण’ ही कादंबरी तर अपूर्णच राहिली.

म्हणून भागांमध्ये लिहिणाऱ्याने निदान तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: गोष्ट कोण सांगते आहे, मुख्य पात्राला काय हवे आहे आणि शेवटी काय बदललेले असेल. मधला रस्ता मोकळा ठेवला तरी चालतो. शक्य असेल तर तीन-चार भाग हाताशी लिहून ठेवूनच पहिला प्रसिद्ध करावा.

दुसऱ्या खर्ड्याला विचारायचे प्रश्न

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो काही दिवस बाजूला ठेवावा. नंतर वाचताना पुढील प्रश्न उपयोगी पडतात.

• कथेतला सर्वांत जिवंत प्रसंग कोणता? कथा त्याच्याभोवती उभी आहे की भलत्याच प्रसंगाभोवती?
• मुख्य पात्राला काय हवे आहे आणि ते मिळण्यात कोण किंवा काय आडवे येते?
• ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली तर अधिक खरी वाटेल का?
• पहिला परिच्छेद काढला तर काही बिघडते का? अनेकदा कथा दुसऱ्या परिच्छेदात सुरू होते.
• शेवट पात्राच्या वागण्यातून आला आहे की लेखकाच्या सोयीतून?
• कोणता प्रसंग आवडतो म्हणून ठेवला आहे आणि कोणता गरजेचा आहे म्हणून?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जड जातो. स्फूर्तीने दिलेले सगळेच त्याच कथेचे असते असे नाही. काढलेला प्रसंग फेकून न देता वेगळा जपून ठेवला, तर कधी त्यातूनच पुढची कथा निघते.

थोडक्यात

फडक्यांच्या तंत्राने लेखकाला कथा पूर्ण करायला शिकवले. चोरघडे आणि नवकथाकारांनी दाखवले, की पूर्ण करण्याची रीत प्रत्येक कथेची वेगळी असते. राजशेखराने त्या दोन्हींना दिवसाचे वेगवेगळे प्रहर वाटून दिले होते. पहिला खर्डा न अडखळता लिहावा, दुसरा निर्दयपणे तपासावा. आराखडा आधी केलेला असला, तरी लिहिताना अनपेक्षित पात्र दारात आले तर त्याला आत घ्यावे आणि मग घराची मांडणी पुन्हा करावी.