न नेमलेला कारकून

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे शोधण्याच्या शास्त्राचे एक मोठे पीठ आहे, ही गोष्ट आपणां महाराष्ट्रीयांच्या सहसा ध्यानात नसते. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यांतला चौथा नियम इतकाच की, वाचकाचा वेळ वाचवावा. त्यासाठी विषयवार सूची हवी, आणि ती हाताशी पण वाटेबाहेर असावी. सूचीचे कपाट वाचकाच्या पाठोपाठ त्याच्या घरी येत नसे, अथवा तो लिहीत असताना त्याची दौत उचलून नेत नसे!

आपल्या शतकाच्या आरंभी मात्र शोधाचे कपाट घरात आले. श्रोतेहो, मेजावरच्या संगणकात हजारो कागद साठू लागले, तेव्हा हवा तो कागद क्षणात काढून देणारी आज्ञावली हवीशी वाटावी, हे स्वाभाविकच होते. तिची रीत साधी असते. ती एकेक कागद आधीच वाचून ठेवते आणि कोणता शब्द कोणत्या कागदात आहे, याची मोठी नोंदवही तयार करते. कागद बदलला की नोंद बदलायची. म्हणजे हा कारकून अष्टौप्रहर कामावर. त्या काळच्या संगणकांची स्मरणशक्ती तोकडी, आणि तबकडी तर फिरती. नोंदीचे काम चालू झाले की मालकाचे काम खोळंबे. वेळ वाचवण्यासाठी आणलेला हा सेवक वेळच खाऊ लागला.

ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने आपली अशी आज्ञावली लोकांपुढे ठेवली, डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने, आणि १९९० च्या दशकातल्या शोधक्षेत्रातल्या धुरिणांपैकी याहूने पुढच्या जानेवारीत. स्पर्धा अशी लागली की प्रत्येक मेजावर कारकून बसवायचाच. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने आणखी एक सोय काढली : एका यंत्रावरचा कागद दुसऱ्या यंत्रावरून शोधता यावा म्हणून कागदांतील मजकुराच्या प्रती कंपनीच्या यंत्रांवर काही दिवस ठेवायच्या. ही सोय ऐच्छिक होती; तरी नागरी स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेने लोकांना ती वापरू नका असे बजावले. गोपनीय नस्ती ज्याच्या हाताखालून जातात, त्याला या भीतीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

खरा कळीचा प्रश्न निराळाच होता. नको असलेल्या कारकुनाला काढायचे कोणी? जानेवारी २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टा या प्रणालीत शोध अंगभूतच होता. तो सहजासहजी बंद करता येत नाही, आणि दुसऱ्याची आज्ञावली बसवली की दोन नोंदणारे एकाच यंत्रावर झुंजतात, अशी तक्रार गूगलने अमेरिकी न्याय खात्याकडे केली. तक्रारदार स्वतःच अशा कारकुनांचा पुरवठादार, ही गंमत सोडून देऊ. पण तक्रार पोकळ नव्हती. जून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पड घेतली आणि कोणती शोधसेवा मुख्य असावी, ते ग्राहकाला ठरवू देण्याचे मान्य केले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घडलेला प्रकार मला अधिक बोधप्रद वाटतो, कारण तो कचेऱ्यांत घडला. मोठ्या कचेऱ्यांतील संगणकांना सुधारणा पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची एक व्यवस्था होती. कोणती सुधारणा घ्यायची, ते तिथला व्यवस्थापक ठरवी. शोधाची आज्ञावली ज्या यंत्रांवर आधीपासून होती, त्यांच्यापुरती एक सुधारणा काही व्यवस्थापकांनी पूर्वी मंजूर केली होती. कंपनीने तिचा पुढचा पाठ काढताना तिची व्याप्ती वाढवली, आणि जुनी मंजुरी नव्या पाठाला आपोआप लागू झाली. सकाळी कचेरी उघडते, तो यंत्रायंत्रावर न मागितलेला शोधक नोंदी करीत बसलेला, आणि यंत्रे मंदावलेली. एका जुन्या टिपणावरच्या सहीने नवा हुकूम काढावा, असा हा मामला. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. परंतु एकेका यंत्रावरून त्याला खाली उतरवण्याचे कष्ट व्यवस्थापकांच्याच माथी आले. सरकारी नोकराला काढणे दुरापास्त, हा आम्हां लोकांवरचा नेहमीचा आक्षेप आहे. निदान आमच्या नेमणुकीचा एक कागद तरी असतो.

या सुमारास चेन्नईत निराळा विचार चालला होता. सी-डॅकचे चेन्नई केंद्र आणि अण्णा विद्यापीठातील एयू-केबीसी संशोधन केंद्र यांनी मुक्त आज्ञावलींसाठी २००५ मध्ये राष्ट्रीय केंद्र उभारले, आणि २००७ च्या आरंभी बॉस ही भारतीय प्रणाली बाहेर पडली. तमिळनाडू सरकारच्या एल्कॉट या महामंडळानेही त्याच काळात सुसे लिनक्सची कास धरली. मुक्त प्रणालीतले तत्त्व असे की, यंत्रात काय चालते ते मालकाला वाचता यावे, बदलता यावे आणि काढूनही टाकता यावे.

म्हणून तिथे शोधक गुणी होता काय? मुळीच नाही. सुसेच्या त्या काळच्या आवृत्त्यांबरोबर बीगल नावाचा शोधक आपसूक येई. बीगल हे वास काढणाऱ्या शिकारी कुत्र्याचे नाव. आणि या कुत्र्याने यंत्राचा सारा दम खाल्ल्याच्या कागाळ्या जगभर झाल्या. फरक एवढाच की, त्याला हाकलण्यासाठी कोणा न्याय खात्याचे दार ठोठवावे लागले नाही. ज्याला नको त्याने तो काढला, कसा काढावा ते शेजाऱ्याला सांगितले, आणि काही वर्षांत त्या शोधकाचे काम थंडावले.

गूगलनेही आपला मेजावरचा शोधक सप्टेंबर २०११ मध्ये बंद केला. मायक्रोसॉफ्टचा मात्र अंगभूत राहिला, आणि पुढे त्याच्या खिडकीत घरातल्या कागदांबरोबर महाजालावरचे निकालही डोकावू लागले. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे २०२४ मध्ये हा महाजालाचा भाग काढून टाकण्याची सोय कंपनीला द्यावी लागली. ती दिली युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना. रंगनाथनांच्या शहरातील मेजांसाठी ती नव्हती.