वेसावे : जमिनीचा भाव आणि कोळीवाडा

अंधेरीच्या पश्चिमेस, मालाड खाडीच्या मुखाशी वेसावे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. १८६७ साली विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली, तीत अंधेरीचा थांबा होता. परंतु स्थानक गावापासून दूर होते. १९५० साली अंधेरी बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. पुढे खाजणे बुजवून लोखंडवाला संकुलासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. २०१४ साली घाटकोपरहून आलेल्या मेट्रोच्या अंतिम स्थानकास ‘वर्सोवा’ हे नाव मिळाले. कोळ्यांच्या बोलण्यात मात्र ‘वेसावे’च राहिले.

जमिनीचा भाव वाढला म्हणजे मालकाचा लाभ झाला, असा सामान्य समज असतो. कोळीवाड्याच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळविणे, जाळी सांधणे, होड्या ओढून ठेवणे या कामांस मोकळी जागा लागते. खरेदीदाराच्या लेखी ती रिकामी जमीन होय. कोळ्यास ती होडीइतकीच आवश्यक असते. शिवाय कुटुंब वाढले असता बाहेर घर घेणे मासेमारीच्या उत्पन्नात साधत नाही. साहजिकच नव्या खोल्या त्याच अंगणांत चढतात.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करण्याची तरतूद केली. अशा नकाशांत घरांबरोबर वाळवणाची जागाही दाखविली जाणे अगत्याचे आहे. घर राहिले आणि अंगण गेले, तर गावाचा व्यवसायच उरत नाही.