सगळ्यांत कामसू मोडेम

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते महानगरांत. अमरावती-अकोल्याच्या माणसाला आधी एसटीडी लावावी लागे. पुढे स्थानिक कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली आणि आमच्या वऱ्हाडातल्या सायबर कॅफेंतून मोडेमची ती किरकिरी शिट्टी ऐकू येऊ लागली. खोक्यावर ५६ के छापलेले असे. पावसाळ्यात केबलच्या जोडांत पाणी शिरले, की वेग पार खाली येई.

मला मात्र खरी मौज वाटते ती पलीकडच्या टोकाची. तिथे राउटरला मोडेमची रांग जोडलेली असे. कोणता मोकळा, कोणता गुंतलेला, कॉल किती सेकंद टिकला, का तुटला, हे सारे पडद्यावर दिसे. रांगेत पुढचाच एखादा मोडेम बिघडला, की तो कॉल उचलायचा, लगेच टाकायचा आणि पुन्हा मोकळा! म्हणजे पुढचा कॉलही त्याच्याच वाट्याला. नुसते उचललेले कॉल मोजले, तर हाच सगळ्यांत कामसू ठरे. कॉल किती वेळ टिकला हे कुणी पाहिले, तरच चोर सापडे. तोवर इकडे कॅफेवाल्याच्या बिलात दर प्रयत्नाला एक युनिट चढत राही आणि निकाल पाहायला आलेली पोरे बाकावर ताटकळत बसत.