ध्वनिमुद्रिकेचा अदृश्य कर्ता

हिप-हॉप संगीतात ‘प्रोड्यूसर’ हा शब्द ज्या अर्थाने रूढ आहे, तो ‘निर्माता’ या मराठी प्रतिशब्दाने पुरता व्यक्त होत नाही. निर्माता म्हणजे भांडवल पुरविणारा, असा आपला समज. उलट, १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क याने तबकड्यांतील केवळ तालाचे तुकडे लांबवून वाजविण्यास आरंभ केला, आणि त्या परंपरेत ध्वनीची रचना करणाराच पुढे प्रोड्यूसर ठरला. मराठी भाषकांत या कर्त्याचा पूर्वज शोधू गेल्यास जी. एन. जोशी यांचे कार्य प्रथम विचारात घ्यावे लागते.

कायद्याचे शिक्षण घेतलेले जोशी आरंभी गायक म्हणून प्रसिद्धीस आले. ना. घ. देशपांडे यांच्या कवितेची त्यांनी गायिलेली ध्वनिमुद्रिका भावगीताच्या आद्य टप्प्यात गणली जाते. १९३८ साली ते मुंबईस हिज मास्टर्स व्हॉईस कंपनीच्या ध्वनिमुद्रण विभागात रुजू झाले. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तेव्हा जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर विस्तारणारा ख्याल तेवढ्यात बसवावयाचा, म्हणजे काय राखावे व काय गाळावे याचा निर्णय आलाच. आणि तो एकट्या गायकाचा नसे. दीर्घ मुद्रिकेने हे बंधन सैल केले, तरी निर्णयकर्त्याचे महत्त्व उणावले नाही. १९६७ साली जोशींनी निर्मिलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या मुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी व ब्रिजभूषण काबरांची गिटार ही काश्मीरमधील एका मेंढपाळाच्या दिवसाच्या कल्पनेने एकत्र गुंफली आहेत.

हिप-हॉपचा प्रोड्यूसर मुद्रित ध्वनीतून नवी रचना करतो. जोशींपुढे जिवंत वादक होते. हा भेद मूलभूत होय. तथापि, श्रोत्यास जे ऐकू येते ते कोणीतरी योजिलेले असते, हे तत्त्व उभयत्र समान आहे.

भाषाभ्यासकास याची उपेक्षा परवडणारी नाही. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात असलेल्या उदगीर परिसरात मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी परस्परांच्या शेजारी नांदत आल्या. तेथील जात्यावरची ओवी मुद्रित करताना यंत्र कोठे ठेविले, किती वेळ दिला, कोणत्या प्रश्नाने गाणारीस बोलते केले, यांवर हाती येणारे बोलीरूप अवलंबून राहील. यास्तव मुद्रणाबरोबर मुद्रकाचे नाव व त्याने केलेली निवडही नोंदविली पाहिजे. एरवी मुद्रकाची निवड हाच बोलीचा स्वभाव समजला जाईल.