संशोधन सॉफ्टवेअर अभियंता
विज्ञान-प्रकल्पांसाठी संगणक-प्रणाली लिहिणारा, तपासणारा व सांभाळणारा व्यावसायिक. हे पदनाम २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये रूढ होऊ लागले. काम मात्र त्याहून जुने आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये गुरुत्वीय लहरी ओळखण्याच्या गाळणी-पद्धतीवर मूलभूत शोधनिबंध लिहिला. कल्पित लहरींचे असंख्य नमुने गोंगाटमिश्रित नोंदींशी ताडून पाहण्याचे हे काम संगणकाशिवाय अशक्यच. आयुका व पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून खगोलीय विदा आलेखरूपात पाहण्यासाठी ‘व्हीओप्लॉट’ घडवले. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत जुळवण्याचे कामही पुढे सॉफ्टवेअरने पेलले.

या अभियंत्याची कारकीर्द बहुधा प्रकल्पागणिक बदलते: आज रेडिओ खगोलशास्त्र, उद्या हवामान किंवा जनुकविज्ञान. निधी संपला की जागाही संपते. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती ठरत असल्याने निर्दोष, इतरांना वापरता येईल अशा आज्ञावलीचे श्रेय हरवते. हा अन्यायच आहे.

वाशिमलगतच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. वाशिम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्यातल्या संगणक-विद्यार्थ्यांना हा पेशा आता शेजारच्याच जिल्ह्यात दिसेल.