दोन कानांची दिशा

संगणकावर खेळणारी मुले हेडफोन घ्यायला निघाली की खोक्यावरचा ‘७.१’ हा आकडा त्यांना भुरळ घालतो. सात स्पीकर आणि खर्जाचा एक, असा त्याचा अर्थ. पण आपल्याला कान तर दोनच! मग आठ स्पीकरांचे आवाज शिरतात कुठून? उत्तरासाठी आपल्याला १८८१ सालच्या पॅरिसला जावे लागेल.

त्या वर्षी तिथे विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर डावीकडे व उजवीकडे टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या. श्रोते दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावत. एका कानाने नुसते गाणे ऐकू येई. दोन्ही कानांनी ऐकताना गायक कोणत्या बाजूला सरकला हेही कळे.

याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९०७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडले. उजवीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाशी थोडा उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास. खालच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा आपण या वेळेच्या फरकावरून ओळखतो. वरच्या पट्टीतला आवाज डोक्याआड अडतो, म्हणून तिथे तीव्रतेचा फरक उपयोगी पडतो.

हे वर्गात सहज पडताळता येते. दीड मीटर लांबीची रबरी नळी घ्या. पाठमोऱ्या बसलेल्या विद्यार्थ्याला तिची दोन टोके दोन कानांशी धरायला सांगा आणि मागून नळीवर पेन्सिलीने टकटक करा. मध्यापासून तीनचार सेंटिमीटर सरकताच तो बाजू अचूक सांगू लागतो. तीन सेंटिमीटर सरकल्यास दोन मार्गांत सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर हा फरक ०.१८ मिलिसेकंदाचा!

संगणकाला मात्र ही दिशा उशिरा गवसली. १९८१ च्या आयबीएम पीसीत पिकपिक करणारा एकच छोटा स्पीकर होता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साऊंड ब्लास्टर’ कार्ड आले, तेही एकाच वाहिनीचे. १९९२ च्या ‘साऊंड ब्लास्टर १६’ ने सीडीच्या दर्जाचा, दोन वाहिन्यांचा आवाज घरोघरच्या संगणकात आणला.

पण पुढचा आणि मागचा आवाज वेगळा कसा ओळखायचा? दोन्हींत कानांमधला वेळेचा फरक सारखाच असू शकतो. तिथे बाह्यकर्णाच्या वळ्या मदतीला येतात. दिशेनुसार त्या ध्वनीचा पोत किंचित बदलतात. हा बदल गणिताने घडवण्याचे काम १९८० च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रासाठी झाले. ते तंत्र पुढे ऑरियल कंपनीने ‘ए३डी’ या नावाने खेळांत आणले. पाठीमागची पावले हेडफोनमधून मागेच ऐकू येऊ लागली. क्रिएटिव्हशी पेटंटवरून झालेला खटला ऑरियलने १९९९ मध्ये जिंकला, पण खर्चाने ती मोडकळीला आली, आणि २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. आज हेच गणित साध्या संगणकाचा मुख्य प्रोसेसर करतो.

म्हणजे बहुतेक ‘७.१’ हेडफोनांत आठ आवाज गणिताने दोनांत मिसळलेले असतात. हे गणित सरासरी कानाचे; तुमचा कान वेगळा असेल तर पुढचा आवाज मागचा वाटेल. म्हणून आकडा न पाहता हेडफोन कानाला लावून पाहावा. खेळातच अशी सोय असेल तर हेडफोनची बंद ठेवावी. गणित दोनदा झाले की दिशा बिघडते. ३२ ओहमच्या आसपासच्या हेडफोनला सहसा संगणकाचे छिद्र पुरते; २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला वेगळा प्रवर्धक लागू शकतो. आतून गुणगुण ऐकू येत असेल, तर संगणकाबाहेर राहणारे यूएसबी साऊंड कार्ड घ्यावे.

आणखी एक आकडा मुलांना जरूर सांगावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि नवा हेडफोन घेऊनही ते नुकसान भरून येत नाही.