बंगळुरूमध्ये व्हीलचेअरसह प्रवास : सुगम वाहन भाड्याने घेताना

उपचार, शिक्षण, नोकरी किंवा आप्तांच्या भेटीसाठी महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून बंगळुरूला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मुंबई, पुणे व सोलापूरकडून येणारी उद्यान एक्सप्रेस, बेळगावमार्गे येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आणि विमानसेवा यांमुळे शहर गाठणे अवघड राहिलेले नाही. मात्र व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशाची खरी परीक्षा सुरू होते ती स्थानक किंवा विमानतळ सोडताना. साध्या टॅक्सीत बसण्यासाठी त्याला दोन माणसांनी उचलून आसनावर ठेवावे लागते. उचलताना पडण्याचा, खांदा निखळण्याचा किंवा त्वचा खरचटण्याचा धोका असतो. परक्या हातांनी उचलले जाण्याचा संकोच वेगळाच. हा प्रसंग टाळणाऱ्या वाहनांस सुगम वाहने म्हटले जाते.

बंगळुरूचा पुढाकार

भारतात अशा भाड्याच्या वाहनांची सेवा आरंभी ज्या शहरांत रुजली, त्यांत बंगळुरू अग्रभागी होते. विद्या रामसुब्बन यांच्या पुढाकाराने २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे ‘किकस्टार्ट’ ही टॅक्सीसेवा सुरू झाली. दिव्यांग व ज्येष्ठ प्रवाशांसाठी बदल केलेली वाहने आणि प्रशिक्षित चालक हे तिचे वैशिष्ट्य होते. २०१७ मध्ये ‘उबर’ने याच शहरात दोन प्रकारच्या सेवा सुरू केल्या. पहिल्या प्रकारात चालक प्रवाशाला चढण्या-उतरण्यास मदत करीत असे व घडीची व्हीलचेअर गाडीत ठेवली जात असे. दुसऱ्या प्रकारात प्रवासी व्हीलचेअरसह वाहनात जाऊ शकत असे. मुंबईतही ‘इझी मूव्ह’ नावाने अशी सेवा सुरू झाली.

या सेवांतील वाहनांची संख्या नेहमीच मर्यादित राहिली आहे. त्यामुळे ऐनवेळी गाडी मिळेल असे गृहीत न धरता प्रवासाच्या काही दिवस आधी दूरध्वनीवरून नोंदणी करावी आणि आदल्या दिवशी तिची खातरजमा करावी.

वाहनांचे तीन प्रकार

पहिला प्रकार साध्या मोटारीचा. प्रवाशाला आसनावर सरकता येत असेल व व्हीलचेअर घडीची असेल, तर हा पर्याय स्वस्त पडतो. येथे एक अडचण हमखास येते. टॅक्सी सीएनजीवर चालणारी असेल, तर डिकीची बरीचशी जागा सिलिंडरने व्यापलेली असते आणि व्हीलचेअर मावत नाही. नोंदणी करतानाच ‘डिकीत सिलिंडर आहे का’ आणि ‘टपावर कॅरियर आहे का’ हे प्रश्न विचारावेत.

दुसरा प्रकार फिरत्या आसनाचा. पुढील आसन दाराकडे वळून बाहेर येते, त्यामुळे प्रवाशाला वाकून आत शिरावे लागत नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांना ही सोय विशेष उपयुक्त ठरते. डिसेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने बंगळुरूच्याच एका नवउद्योगाच्या सहकार्याने वॅगन-आर मोटारीसाठी असे आसन उपलब्ध करून दिल्याची घोषणा केली.

तिसरा प्रकार रॅम्प किंवा लिफ्ट बसविलेल्या व्हॅनचा. विद्युत व्हीलचेअर वापरणाऱ्यांना किंवा ज्यांना हलविणे धोक्याचे आहे अशा रुग्णांना हाच पर्याय योग्य होय.

मोजमाप महत्त्वाचे

रॅम्पची व्हॅन ठरविण्यापूर्वी चार मापे घ्यावीत : व्हीलचेअरची रुंदी, पायटेकूसह लांबी, प्रवाशासह एकूण वजन आणि जमिनीपासून बसलेल्या व्यक्तीच्या डोक्यापर्यंतची उंची. यांतील शेवटचे माप बहुतेक जण विसरतात. खुर्चीत बसलेल्या उंच व्यक्तीचे डोके व्हॅनच्या मागील दाराच्या चौकटीला लागू शकते. म्हणून दाराची व आतील छताची उंची सेंटिमीटरमध्ये विचारून घ्यावी.

इमारतींसाठी रॅम्पचा उतार एकास बारा असावा, असा संकेत आहे. व्हॅनचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर या प्रमाणात ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागेल. रस्त्यावर ते शक्य नसल्याने वाहनांचे रॅम्प बरेच उभे असतात. स्वतः चाके फिरवून त्यावर चढणे बहुधा जमत नाही. मागून ढकलणारा साहाय्यक आवश्यक असतो; उतरताना खुर्ची पाठमोरी आणि साहाय्यक खालच्या बाजूस असावा. रॅम्प उघडण्यासाठी वाहनामागे मोकळी जागा लागते, याचाही गर्दीच्या रस्त्यावर विचार करावा.

सुरक्षिततेचे नियम

वाहनात व्हीलचेअरचे तोंड पुढेच असावे. आडव्या दिशेने बसून प्रवास करू नये. खुर्चीचा सांगाडा चार पट्ट्यांनी तळाशी जखडावा. पट्टे चाकांना बांधू नयेत. खुर्चीचे ब्रेक लावणे हा या बंधनांना पर्याय नव्हे. प्रवाशासाठी खांद्यावरून व कमरेवरून जाणारा स्वतंत्र सुरक्षापट्टा असावा; व्हीलचेअरचा स्वतःचा पट्टा केवळ बसण्याचा तोल राखण्यासाठी असतो.

बंगळुरूच्या वाहतूककोंडीत अल्प अंतरालाही बराच वेळ लागतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या प्रवाशांनी आपली गादी सोबत ठेवावी व ठरावीक वेळाने शरीराचा भार बदलावा, अन्यथा दाबामुळे जखमा होण्याची शक्यता असते.

भाडे ठरविताना

भारतात भाड्याची गाडी बहुधा चालकासह मिळते. ‘८ तास ८० किलोमीटर’ अशा स्वरूपाचे दर प्रचलित आहेत. जादा किलोमीटर, प्रतीक्षाकाळ, पथकर आणि चालकाचा भत्ता, ज्यास दक्षिणेत ‘बाटा’ म्हणतात, यांचा समावेश आहे किंवा नाही हे लेखी घ्यावे. देवनहळ्ळी येथील विमानतळ शहराच्या मध्यापासून दूर असल्याने गाडी रिकामी येण्याचे अंतरही भाड्यात धरले जाते का, हे विचारावे. स्वतः चालविण्याच्या भाड्याच्या मोटारींत हाताने चालणारे नियंत्रण सहसा नसते.

विमानाने येणाऱ्यांनी प्रवासाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीस कळवावे. व्हीलचेअर विनामूल्य नेली जाते. बॅटरीची माहिती आधीच द्यावी आणि आपली खुर्ची विमानाच्या दाराशी मिळावी, अशी विनंती नोंदवावी. शहरांतर्गत प्रवासासाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्म मेट्रो’चाही उपयोग होतो. स्थानकांवर लिफ्ट आणि गाडीत व्हीलचेअरसाठी जागा आहे. स्थानकापासून मुक्कामापर्यंतचा पदपथ मात्र आधी पाहून घ्यावा.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४१ नुसार बसथांबे, रेल्वेस्थानके व विमानतळांवर सुगम सोयी देणे आणि परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवासाच्या योजना आखणे ही शासनाची जबाबदारी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे किमान निकष केवळ शिफारसवजा न ठेवता बंधनकारक करावेत, असा आदेश दिला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दोन कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यांच्यासाठी प्रवास हा सवलतीचा नव्हे, तर हक्काचा विषय आहे. सोय नाकारली गेल्यास दिनांक, वेळ व वाहन क्रमांक नोंदवून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.